एक पायरी सोडून

इंगळे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. कॉम्प्युटर चालू होता, पण त्यावर काम काहीच चाललेलं नव्हतं. कीबोर्डला बोट नाही, माउसला हात नाही. मी मस्टरवर सही केली, अकरावीचा तास घेऊन परत आलो, तरी बाई तशाच. मधूनच घड्याळाकडे बघायच्या, वहीत काहीतरी लिहायच्या आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहायच्या. शेवटी मी विचारलं, "मॅडम, काय चाललंय?"

"काईच नाई चालू सर," त्या म्हणाल्या. "तेच तं पाहून राह्यली."

नवीन लॅब असिस्टंट कामचुकार दिसते, असं मी त्याच दिवशी प्राचार्यांच्या कानावर घातलं. बाईंना येऊन तीन दिवस झाले होते. मला त्यांच्याविषयी तेव्हा काहीही माहीत नव्हतं, फक्त निवडीच्या वेळची पदवीच्या मार्कांची यादी माझ्या हातात आली होती आणि त्यांचे मार्क माझ्या पदवीच्या मार्कांपेक्षा जास्त होते.

आमचं कॉलेज देऊळगाव राजात. तिथं मी एकोणीस वर्षं कॉम्प्युटर शिकवत होतो आणि गावात माझी ओळख 'कॉम्प्युटरवाले देशमुख सर' अशीच होती. बालाजीच्या दर्शनाच्या रांगेत उभा असलो तरी कोणीतरी मोबाइल पुढे करून म्हणायचं, सर, हे जरा बघता का. मी पुण्यात दोन वर्षं काढली होती, त्यामुळे बोलणंही जरा घासूनपुसून असायचं. इंगळे मॅडम साखरखेर्ड्याच्या. वडील विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करायचे. संस्थेच्या अध्यक्षांसमोरही त्या घरच्यासारखंच 'मले-तुले' बोलायच्या. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, कोट्यातून आल्या असतील. कंत्राटी जागेला कोटा नसतो हे मला ठाऊक होतं. बाई बौद्ध आहेत, एवढ्यावरच ते बोलणं झालं होतं हेही मला ठाऊक होतं. मी चहा पीत राहिलो.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी पाह्यते, मंग सांगते." काहीही विचारा, हेच उत्तर. शेगावच्या सहलीला येणार का, असं प्राचार्यांनी विचारलं तरी हेच म्हणाल्या, आणि खरोखरच गाड्यांचं वेळापत्रक बघून, परतीची गाडी उशिरा आहे असं सांगून मग होकार दिला. पोरं त्यांची नक्कल करायची. मीही हसायचो, जरा जास्तच.

आता लॅबचं सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. एका कंपनीनं वापरून बाजूला काढलेले बावीस कॉम्प्युटर आम्हाला देणगीत मिळाले होते. त्यांवर आम्ही विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलं होतं. हे कॉम्प्युटर मधूनच अडकायचे. पडदा जिथल्या तिथं थिजायचा, माउसचा बाण हलायचा नाही, बटण दाबून बंद करण्यावाचून इलाज नसायचा. अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं, की प्रॅक्टिकल परीक्षेच्या आत हे सुधारलं नाही तर खोली बंद, विषयही बंद. मी वीस लोकांसमोर निदान केलं, की वीज खराब आहे. मग लॅबच्या मागं खड्डा खणून, त्यात मीठ आणि कोळसा भरून नवीन अर्थिंग करून घेतलं. कॉम्प्युटर अडकतच राहिले. मी म्हटलं, जमीन कोरडी आहे. तेव्हापासून आमचा शिपाई रोज सकाळी त्या खड्ड्यात एक बादली पाणी ओतू लागला.

महिनाभरानं मॅडमनी वही माझ्यापुढे ठेवली. "सर, पोरं काम करतेत तवा एकबी मशीन अटकत नाई. मोकळं सोडलं का अटकते. विजेचा दोष असता तं कामात असतानीबी अटकलं असतं न."

वहीत तारीख, वेळ, कॉम्प्युटरचा नंबर, सगळं होतं. मी म्हटलं, योगायोग असेल.

तो नव्हता. हातात काम नसलं की प्रोसेसर डुलकी घेतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि मी ते पोरांना शिकवतही होतो. तो पायरी-पायरीनं खाली उतरतो, एकेक भाग बंद करत जातो, तेवढी वीज वाचते. जितका खाली जाईल तितका त्याला वर यायला वेळ लागतो. आमच्या कॉम्प्युटरांतला प्रोसेसर एका पायरीवर गेला की कधी कधी वर येतच नव्हता. कॉम्प्युटर सुरू होताना त्याला सूचनांची एक ओळ दिलेली असते. त्या ओळीत एक शब्द वाढवला, तर अमुक पायरीच्या खाली जाऊ नको असं त्याला सांगता येतं. मॅडमनी तो शब्द बाविसांच्या बावीस कॉम्प्युटरांत घातला. आठ दिवस एकही अडकला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या पोटात दुखू लागलं. वीज, अर्थिंग, मीठ, कोळसा, सगळं माझ्या नावावर होतं, आणि ही बाई रिकाम्या पडद्याकडे बघत बसून तिथवर पोचली होती.

पण देव माझ्याही बाजूचा होता. दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं आणि आमचा इन्व्हर्टर तास संपायच्या आतच बसू लागला. प्रोसेसरला खाली उतरायला बंदी, म्हणून वीज जास्त लागत होती आणि खोलीही तापत होती. मी जवळजवळ धावतच गेलो आणि म्हणालो, "बघा मॅडम, तुमच्या उपायानं काय केलंय."

"हाव सर, बराबर आहे तुमचं," त्या लगेच म्हणाल्या. कोणी इतक्या सहज माझं बरोबर आहे म्हणावं, हे मला तेव्हा अपमानासारखं वाटलं. मग खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "बारवेच्या एका पायरीवर शेवाळ असलं तं आपण तेवढी पायरी सोडून उतरतो. खाली जाणंच काऊन बंद कराचं?"

अडचण अशी होती, की तसा शब्दच नव्हता. जो होता तो अमुक पायरीखालचं सगळंच बंद करायचा. मधली एकच पायरी गाळा, असं सांगायची सोय कोणी केलेली नव्हती. मॅडमनी ती करायला घेतली. लिनक्सचं आतलं लिखाण सगळ्यांना खुलं असतं. ते त्या रोज कॉलेज सुटल्यावर तासभर वाचत बसायच्या, सहाच्या बसची वेळ होईपर्यंत. मी म्हटलं, "मॅडम, एवढं करण्यापेक्षा ही पायरी कायमची बंद करा, असं त्या लोकांना कळवा आणि मोकळ्या व्हा."

"नाई सर. आपल्या मशीनले ती पायरी सडकी. दुसऱ्याच्या मशीनले तीच चांगली राह्यत असन. ज्याचं मशीन त्याले माहीत राह्यते. त्यालेच ठरवू द्या न."

दीड महिन्यात त्यांनी ते केलं. नवा शब्द आणि त्यापुढे गाळायच्या पायरीचा आकडा. कॉम्प्युटर अडकेनात, इन्व्हर्टर पुन्हा पूर्वीसारखा टिकू लागला. त्यांनी हे सगळं लिनक्सचं काम बघणाऱ्या लोकांना ईमेलनं पाठवलं. मला ईमेल दाखवली आणि इंग्रजी तपासायला सांगितलं. मी एक स्वल्पविराम बदलला. रात्री जेवण गेलं नाही. एकोणीस वर्षांत मी असं काही केलं नव्हतं, करता येतं हे सुचलंही नव्हतं. माझ्याच खोलीत, माझ्याच कॉम्प्युटरांवर, माझ्या हाताखालच्या बाईनं ते केलं होतं, आणि वर मलाच 'सर' म्हणत होती.

नंतर मॅडम बहिणीच्या साखरपुड्यासाठी दोन दिवस रजेवर गेल्या. त्या परत येतील त्याच दिवशी सकाळी अध्यक्ष लॅब बघायला येणार होते. आदल्या दुपारी मी लॅबमध्ये एकटाच होतो. नऊ आणि दहा नंबरच्या कॉम्प्युटरांतून मी तो शब्द काढून टाकला आणि ते पुन्हा सुरू करून तसेच मोकळे सोडले. ह्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

सकाळी अध्यक्ष आले तेव्हा नऊ आणि दहा शेजारी-शेजारी थिजलेले होते. दोन्ही पडद्यांवरची घड्याळं वेगवेगळ्या वेळेला थांबली होती. "हे तं पुन्हा तेच," अध्यक्ष म्हणाले. प्राचार्यांनी मॅडमकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. मॅडमनी वाकून नऊ नंबर बंद केला, पुन्हा सुरू केला आणि पडद्यावर सरकणारा मजकूर वाचत क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग दहा नंबरचंही तसंच केलं.

"माह्याकडून काई राह्यलं असन साहेब," त्या म्हणाल्या. "पाह्यते."

सगळे गेल्यावर त्यांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं, दोन्ही कॉम्प्युटरांच्या सूचनांच्या ओळीत शब्द परत घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं सर." मला तो टोमणा वाटला आणि मी चहाला निघून गेलो.

परीक्षा बिनबोभाट पार पडली. एकही कॉम्प्युटर अडकला नाही. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी 'देशमुख सरांनी करून घेतलेल्या अर्थिंगचा' उल्लेख केला, मला नारळ दिला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत इंगळे मॅडमही होत्या. मी त्यांच्या टाळ्यांकडे नीट पाहिलं. त्या मनापासून वाजवत होत्या की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मे महिन्यात त्यांचं कंत्राट वाढवायचं का, असं प्राचार्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "बघा, तुम्ही ठरवा." आमच्याकडे ह्याचा अर्थ काय होतो हे प्राचार्यांना कळतं आणि मलाही कळतं.

रीत म्हणून मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. जालन्याची बस लागलेली होती. पुढं पुण्यात काहीतरी बघते, असं त्या म्हणाल्या. चढता चढता थांबल्या आणि बोलल्या, "सर, राग मानू नका, पण त्या खड्ड्यात पाणी टाकणं आता बंद करा. त्या बिचाऱ्या शिपायाले रोजचा ताप."

चार वर्षं गेली. ह्या दिवाळीच्या सुट्टीत मी लॅबमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती घालत होतो. सूचनांच्या यादीत एक नवीन शब्द दिसला: प्रोसेसरच्या विश्रांतीची कुठलीही एक पायरी किंवा अनेक पायऱ्या निवडून गाळा, वापरणाऱ्यानं आपल्या मशीनप्रमाणे ठरवावं. इंग्रजीत होतं, तरी मला आवाज साखरखेर्ड्याचाच ऐकू आला. हा बदल कोणी केला ते शोधलं. सुजाता इंगळे. छातीत जे झालं त्याला जळणं हाच शब्द आहे, दुसरा चांगला शब्द मला सापडलेला नाही.

मग खालचा मजकूर वाचला. बदल का हवा ते त्यात लिहिलं होतं. दोन कॉम्प्युटरांवरून ही सूचना काढून टाकली, दोन्ही चोवीस तासांच्या आत अडकले. सूचना परत घातली, पुन्हा अडकले नाहीत. त्याखाली ज्यानं तपासून पाहिलं त्याचं नाव द्यायची त्या लोकांची पद्धत आहे. तिथं माझं नाव होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मी फोन लावला. नंबर जुनाच होता. "मॅडम, माझं नाव काऊन टाकलं?"

"तपासणी तुमचीच होती न सर," त्या म्हणाल्या. मागं ऑफिसातली बोलणी ऐकू येत होती. "त्या लोकायनं मले विचारलं होतं, त्याच मशीनवरून शब्द काढून पाह्यला का म्हणून. मी काढत नव्हती, पोरायची परीक्षा तोंडावर होती. तुम्ही काढला. त्याच्याबिगर त्यायनं ते घेतलंच नसतं."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हाव. मशीन चालू होताना ती ओळ दाखवते न. अन् मी रजेवर असतानी लॅबची चावी तुमच्यापाशीच होती."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुमची नोकरी पक्की होती सर, माही नव्हती. माह्यावर कोणी भरोसा ठेवला असता?" आवाजात राग नव्हता. माया होती असंही म्हणवत नाही.

मी म्हटलं, "ते नाव काढून टाका."

"ते निघत नाई सर. तिथं एकदा लिहिलं का लिहिलं. आता मलेबी काढता येत नाई."

फोन ठेवून मी ते पान पुन्हा उघडलं. लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण नंतर. आधी डोळ्यांत भरलं ते एवढंच, की माझं नाव त्यांच्या नावाच्या खाली आहे.