पाच गुणांचं मंगलाष्टक

मंगलाष्टकं रचणाऱ्या माणसानं बायकोला उताऱ्यावरचे प्रश्न शिकवू नयेत. हे मला आता कळलं आहे. अमडापुरात बाकी सगळ्यांना ते आधीच माहीत होतं.

माझी बायको सुनंदा अंगणवाडीत आहे. बी.ए. झालं की तिचा पर्यवेक्षिका व्हायचा रस्ता मोकळा. सगळे विषय सुटले होते, मराठी तेवढं राहिलं होतं. पेपर दुसऱ्या दिवशी चिखलीला. मी म्हणालो, "घरात कवी असताना तू काऊन भेऊन राह्यली?" (पंचक्रोशीतल्या लग्नांत माझीच मंगलाष्टकं म्हणतात. मानधन म्हणून जेवण मिळतं.)

गाईडमधला उतारा कथेत कविता मिसळण्याविषयी होता. पहिला प्रश्न: 'लेखक कथेत मधेच कविता का घालतो?'

"जागा भरायले," मी छातीठोकपणे सांगितलं. मी स्वतः त्याचसाठी घालतो.

तिनं मागची उत्तरं पाहिली. "पात्राले जे बोलता येत नाही ते सांगायले, असं हाय इथं."

"गाईड चुकलं."

दुसरा प्रश्न: 'कवितेमुळे कथेतील वातावरण कसे होते?' मी 'आनंदी' म्हणालो, उत्तर निघालं 'गूढ'. तिसराही गेला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ही नापास झाली तर त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटणार होतं.

उरला पाच गुणांचा: 'काव्य आणि कल्पित कथा यांचे मिश्रण आपल्या परिसरातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.'

"वैभवच्या लग्नातलं माझं मंगलाष्टक घे," मी म्हणालो. वैभव म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. आम्ही सगळे एकाच घरात राहतो आणि त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. सुनंदाचा चेहरा इतका उजळला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तिनं भराभर लिहून काढलं.

"आता मोठ्यानं वाच, म्हणजे चुका समजतात." (ही सूचनाही माझीच.)

तिनं अंगणवाडीच्या आवाजात वाचलं: "'पहाटे उठे हा, न खाई सुपारी, शिवारात पाणी उन्हाळ्यात भारी.' यात 'पहाटे' हे काव्य आहे. 'उठे' ही कथा आहे, कारण नवरदेव नऊ वाजता उठतो. 'न खाई सुपारी' हीसुद्धा कथाच, कारण त्याच्या खिशात सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी असते. शिवारातले पाणी तर कादंबरीच आहे, कारण विहीर फेब्रुवारीत आटते."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साखरखेर्ड्याहून वैभवचे सासरे आले होते आणि दादानं त्यांना नुकतंच बैठकीत बसवलं होतं.

"इवायबुवा," ते दादाला म्हणाले, "विहीर आटते?"

दादा लालबुंद होऊन आत आला. "सुनंदा, सांग त्याहिले, हे पेपरासाठी बनवून लिहेल हाय म्हणून."

"बनवून लिहिलं तं मार्क जातीन, भाऊजी."

दादा माझ्याकडे वळला. "तू सांग. कविता तुही हाय."

खरं बोलावं तर दादाची सोयरीक, खोटं बोलावं तर बायकोचे पाच गुण. इतका हताश मी जन्मात कधी झालो नव्हतो. मी बैठकीत जाऊन म्हणालो, "विहीर तशी... भावनेनं बारमाही हाय."

व्याही उठून टोपी शोधायला लागले.

तेवढ्यात त्यांची मुलगी, म्हणजे आमची नवी सून पल्लवी, चहा घेऊन आली. आतल्या दिशेनं म्हणाली, "काकू, बरोबर लिहिलं तुमी. माह्यंही मराठीच राह्यलं हाय, मागच्या खेपेला मले हाच प्रश्न सुटला नव्हता. उद्याच्या पेपरचा मी पण फॉर्म भरला, घरी सांगतलं नव्हतं."

त्याच मंगलाष्टकाच्या पुढच्या कडव्यात, व्याह्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवरून, मी 'पदवीधर कन्या' असं लिहिलं होतं. दादानं व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी चहाकडे पाहिलं.

"बसा," दादा म्हणाला.

ते बसले. चहा संपवून सुनंदाला म्हणाले, "बाई, पेपरात गावाचं नाव तेवढं नोको टाकू."

दोघी सोबतच चिखलीला गेल्या. तोच प्रश्न आला, दोघींनी माझंच उदाहरण लिहिलं आणि दोघी पास झाल्या. माझ्या कवितेनं कुणाचं भलं केलं असेल तर ते एवढंच. आता माझं प्रत्येक मंगलाष्टक आधी या दोन पदवीधर बायका तपासतात आणि कथा दिसली की खोडतात. देऊळघाटच्या लग्नाचं परत आलं तेव्हा त्यात नवरा-नवरीची नावं आणि 'सावधान' एवढंच उरलं होतं. मांडवात लोक म्हणाले, तुमचं आजवर इतकं चांगलं कधी जमलं नव्हतं.