नव्याण्णव टक्के सुरमई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगताना मध्येच कोणी फिस्स केलं की माझा धीर सुटतो, आणि ही फजिती मला एकदा शेवटपर्यंत सांगून मोकळं व्हायचंय.

मला सलग तीन रात्री झोप नव्हती. कारण काय, तर इराच्या, म्हणजे माझ्या दुसरीतल्या लेकीच्या डायरीत बाईंनी लिहिलेल्या दोन ओळी. ‘पुढच्या आठवड्यात शुक्रवारी वर्गात येऊन मुलांना एआय म्हणजे काय ते सांगाल का? इरा म्हणते, तुम्हाला त्यातलं सगळं येतं.’

सगळं येतं! मला! अहो, मला घरातला टीव्ही चालू करायला इरा लागते!

झालं होतं असं, की जेवताना तिने विचारलं होतं, “आई, तुला एआय येतं?” आणि वरणभाताचा घास एकदाचा तिच्या पोटात जावा म्हणून मी म्हटलं, “हो हो, तू आ कर.” पोरीने घास गिळला आणि बातमी मात्र शाळेत नेऊन पोचवली.

नवरा मुंबईला नोकरीला. फोनवर म्हणाला, “अगं, ताप आलाय म्हणून कळव.”

“मुळीच नाही. मी जाणार आणि सांगून येणार.”

“पण तुला काय माहितीये त्यातलं?”

“शुक्रवारपर्यंत होईल माहीत!”

माहीत काहीच नव्हतं, ते सोडा. पण लेकीसमोर खोटं पडायचं नाही, हे पक्कं होतं.

आता शिकायचं कधी? मी हातखंब्याला एका कलमांच्या नर्सरीत ऑफिस सांभाळते. घरात डबा, गणवेश, गृहपाठ यात दिवस संपतो. उरली काय ती सकाळची, रत्नागिरीहून हातखंब्यापर्यंतची एसटी. चाळीस मिनिटं. मी मोबाइलवर ‘एआय शिका’ असं शोधलं, तर ही भलीमोठी अ‍ॅपची रांग! सगळ्यांनाच चांदण्या साडेचार. निवडायचं कसं? मी आपली भाजी घ्यावी तशी निवडायला लागले, एकेक हातात घेऊन.

पहिल्या अ‍ॅपातले गृहस्थ इतकं गोड आणि संथ इंग्रजी बोलायचे, की कुवारबाव यायच्या आत माझी मान खिडकीवर. डोळे उघडले ते थेट पालीला! हातखंबा कधीच मागे गेलं होतं. दुसरं अ‍ॅप मराठीत होतं, पण त्याचं मराठी वाचून मला इंग्रजीची आठवण यायला लागली. शिवाय खेडशीच्या पुढे रेंज गेली की नुसतं गोल गोल फिरत बसायचं. तिसऱ्यात प्रत्येक बरोबर उत्तराला एक अस्वल टाळ्या वाजवायचं. नेमका इयरफोन निसटला आणि सगळ्या एसटीने ते ऐकलं. कंडक्टर म्हणाले, “ताई, आम्ही पण वाजवू का?”

असे चार दिवस गेले. आणि सोमवारी सापडलं चौथं! रेंज नको, व्याख्यान नको. दोन वस्तूंचे भरपूर फोटो काढायचे, नावं द्यायची, की ते आपलं आपण ओळखायला शिकतं, आणि किती खात्री आहे तेही टक्क्यांत सांगतं. मुलांना दाखवायला याहून सोपं काय असणार?

वस्तू कुठल्या, हा प्रश्न पडायच्या आधीच उत्तर नाकाला जाणवलं. मागच्या सीटवर शेवंतीकाकी. बंदरावरून मासे घेऊन रोज याच गाडीने आतल्या गावांत विकायला जाते.

“काकी, तुमच्या सुरमईचा फोटो काढू?”

“काड की गो. पन कशाला? लगीन जमवतंस काय तिचं?”

गाडी हसली. मी सगळं समजावलं. काकीला एवढंच कळलं की या मोबाइलला म्हावरं ओळखता येत नाही, आणि तिला त्याची मनापासून कीव आली. तिने हिरव्या बांगड्यांनी भरलेला हात उंच करून सुरमई शेपटीला धरली. मी फोटो काढले. मग पापलेट. त्याला मात्र तिने हात लावू दिला नाही. “ता तसाच ऱ्हांदे! हाताळलं की चांदी सुटते त्याची, मग गिऱ्हाईक नाक मुरडतं.” म्हणून पापलेटचे फोटो निळ्या टबातच, पडल्या जागी.

गुरुवारपर्यंत रोज हाच कार्यक्रम. आणि काय सांगू, ते अ‍ॅप एकदाही चुकलं नाही! काकीने सुरमई उचलली की ‘सुरमई’, टबात बघितलं की ‘पापलेट’. सगळी एसटी माना वळवून बघायची. मला तर वाटायला लागलं, आपण उगाच नर्सरीत कलमं विकत बसलोय.

शुक्रवारी सकाळी बंदरावर गेले, तर काकीने एक सुरमई आणि एक पापलेट बर्फाच्या डब्यात घालून दिलं. “पोरांना दाव, नि मग कालवन कर.”

वर्गात चाळीस पोरं. इरा पहिल्या बाकावर, ताठ बसलेली. मी डबा उघडला, तशा बाई पुढे आल्या. “तुम्ही मोबाइल धरा, मी मासे धरते.” त्यांच्या भाचीचं नुकतंच लग्न झालेलं. म्हणून बाईंच्याही दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा.

बाईंनी सुरमई धरली. ‘सुरमई, अठ्ठ्याण्णव टक्के.’ टाळ्या! इराने मागे वळून सगळ्यांकडे बघून घेतलं.

बाईंनी पापलेट धरलं. ‘सुरमई, अठ्ठ्याण्णव टक्के.’

रत्नागिरीची पोरं ती! वर्ग एका सुरात ओरडला, “काकू, ते पापलेट आहे!”

“हो हो, जरा तिरकं झालंय,” मी म्हटलं. बाईंनी सरळ धरलं. सुरमई. उलटं धरलं. सुरमई. शेवटी बाईंनी मासा डब्यात ठेवला आणि “असू दे हो” म्हणत हात हलवला. माझा मोबाइल अजून समोरच धरलेला. ‘सुरमई, नव्याण्णव टक्के.’

“बाई सुरमई! बाई सुरमई!”

बाकांवर नुसता धिंगाणा. मी घाबरून मोबाइल बाजूला फिरवला, तर कुणाच्या तरी निळ्या दप्तराला तो म्हणाला, ‘पापलेट’.

इरा आता कोणाकडेच बघत नव्हती. पेन्सिलीचं टोक निरखत होती. तिचे कान लाल झालेले दिसले आणि वाटलं, डबा उचलावा आणि तडक स्टँड गाठावा. पण मग ती घरी येणार, आणि माझ्यासमोर जेवायला बसणार. नाही. पळायचं नाही.

मी सगळ्यांसमोर माझे फोटो उघडले. सुरमई, सुरमई, सुरमई. आणि दर फोटोत काकीचा हिरवा हात! पापलेट, पापलेट. आणि दर फोटोत निळा टब!

“हे बघा, मुलांनो,” मी म्हटलं, “चुकलं कोण? मी. मला वाटलं, मी त्याला मासे दाखवतेय. ते बिचारं बांगड्या आणि टब बघत बसलं. त्याला मासा म्हणजे काय ते ठाऊकच नाही. आपण जे दाखवू, तेवढंच त्याला कळतं. आणि चुकलं तरी नव्याण्णव टक्के म्हणतं.”

मग एक मुलगी म्हणाली, “म्हणजे पापलेट पण हातात धरून दाखवायला पाहिजे होतं.”

“अगदी बरोबर!” बाई म्हणाल्या. मला तर तिची पापीच घ्यावीशी वाटली. झालं की नाही? मला अखेर शिकवता आलं! माझा ऊर असा भरून आला म्हणता, की पदर सारखा करून मी ऐटीत उभी राहिले.

बाईंनी विचारलं, “मग आता एआय कसं असतं, ते कोण सांगेल?”

पहिला हात इराचा. ती उठली, माझ्याकडे बघून छान हसली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“बाई, ते आमच्या आईसारखं असतं. नीट माहीत नसलं तरी एकदम ठासून सांगतं.”