मागे बसतं कोण?

"मागच्या एसीचा पाइप गळतोय. तो एसी काढूनच टाका वहिनी, पुढचा झकास चालेल," आमची जुनी सात सीटची गाडी तपासून गॅरेजवाला म्हणाला. "तसंही मागे आता बसतं कोण?"

यांनी लगेच मान डोलावली. माझं मात्र डोकं सणकलं. मुली सासरी गेल्या, हे खरं. प्रवासात त्या मागच्या एसीच्या जाळीवर ओले रुमाल वाळत घालायच्या, त्याचे डाग अजून तिथे आहेत. घर असंच आकसत जातं. आधी कुकर लहान येतो, मग दुधाची पिशवी अर्धी होते, आणि एक दिवस कुणीतरी वाराही बंद करायला सांगतं.

मी मागचं दार उघडलं आणि ऐसपैस बसले.

"मी बसते. पाइप बदला."