नदीत धुतलेला पंप

ते प्रकरण अजूनही माझ्या मनातून गेलेलं नाही. मी तेव्हा भांडुपकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. मे महिना होता. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतली पन्नाशीची एक बाई नदीवर गोधड्या धुवायला गेली, घरी परतली आणि उलट्या करत कोसळली. इस्पितळात पोचेपर्यंत ती गेली होती. तोंडाला कीटकनाशकाचा वास येतोय, असं डॉक्टरांनी कळवलं. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक शेजारी ठाण्यात आला. आदल्या दिवशी नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, असं त्याने सांगितलं. नवरा वॉचमन, मूळचा मालवणकडचा. त्याला कायमचं गावी जायचं होतं, तिला नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं. मी त्याला बोलावून घेतलं.

औषध कुठून आणलंस, बाटली कुठे टाकलीस, मी तेच तेच विचारत राहिलो. भांडण त्याने लगेच कबूल केलं. बाकी प्रत्येक प्रश्नाला तो एवढंच म्हणे, "मी तिका कित्याक मारू, साहेब?"

दुपारी शवविच्छेदनानंतर मृतदेह तिच्या भावाच्या ताब्यात दिला. अंत्यविधीला जाऊ द्या, म्हणून नवऱ्याने हात जोडले. मी नाही म्हणालो. रडत रडत खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती.

बाई जिथे कपडे धुवायची ती जागा पाहायला मी एका महिला हवालदाराला पाठवलं होतं. त्या परतल्या आणि म्हणाल्या, "साहेब, डबक्यात मासे मरून पडलेत. पाण्यालाही तोच वास आहे. वरच्या अंगाला भाजीचे वाफे आहेत."

मी तिथे गेलो. पालकाच्या वाफ्यात एक म्हातारा भेटला. फवारणीचा पंप तो नेहमी नदीतच धुवायचा. त्या दिवशी उरलेलं औषधही त्याने तिथेच ओतलं होतं. त्याने काही लपवलं नाही. वाहतं पाणी आहे, जाईल वाहून, असं त्याला वाटलं होतं. मे महिन्यात ते पाणी कुठलं वाहतंय? तहान लागली की बाई त्या डबक्यातलंच पाणी प्यायची, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मी कोणाला विचारलंच नव्हतं.

म्हातारा जाता-येता तिला पालकाची जुडी द्यायचा. कोण गेलं ते कळल्यावर तो वाफ्यातच खाली बसला.

मी नवऱ्याला सोडलं, तोवर चिता विझत आली होती. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात व्हिसेरा आणि पाणी, दोन्हींत एकच विष निघालं. म्हाताऱ्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. माझ्या चुकीला मात्र कोणतंच कलम नव्हतं.

काही दिवसांनी मी नवऱ्याची माफी मागायला गेलो. तो रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "शेवटाक तिचा तोंड कसा दिसत होता?"

मी तिथे नव्हतो.

संशय घेणं हे आमचं कामच असतं. पण नोकरीत पुढे जेव्हा जेव्हा ताब्यातलं कोणी घरच्या मयताला जाऊ द्या म्हणालं, तेव्हा मी सोबत शिपाई दिला आणि जाऊ दिलं.