नव्वदातले साठ

माझा मामा बोटीवर होता. वर्षा-दीड वर्षाने परतायचा तेव्हा आईसाठी सेंट, बाबांसाठी दाढीची ब्लेडं आणि आम्हा दोघा भावंडांसाठी काहीतरी असायचं, ते बहुधा चुकीचं असायचं. एकदा त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. वर आग ओकणारा राक्षस आणि आत पानोपानी कोष्टकं. "गणितां आसत गो आत, तुका आवडतली," म्हणाला. मी तेव्हा बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं, त्यामुळे घरातला आकडे असलेला कुठलाही कागद माझ्याकडे यायचा, अगदी विजेचं बिलसुद्धा.

ती गणितं नव्हती, तो एक खेळ होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. नदीवरून उडी मारतो म्हणालात, तर पलीकडे पोचता की पाण्यात पडता हे फासे ठरवणार. पण फासे दहा बाजूंचे, वीस बाजूंचे. आमच्या मुलुंडला पाच रस्ता नाक्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात मी दहा बाजूंचा फासा मागितला तेव्हा दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "सहांत भागत नाही का तुमचं?"

मग आम्ही हाऊजीची पिशवी काढली. एक ते नव्वद नंबरांच्या लाकडी सोंगट्या. हात घालायचा, एक काढायची, बघायची, परत टाकायची. ठरलेल्या आकड्याच्या आत आली तर जमलं, वर गेली तर फसलं. पुस्तकातलं सगळं शंभरात होतं आणि आमच्याकडे नव्वदच. भावाने पुठ्ठ्याच्या दहा सोंगट्या कापून आत टाकल्या, पण पुठ्ठा बोटांना कळतो, आणि ज्याला कळतो तो लबाडी करतो. पहिल्या दिवशी त्यानेच केली. म्हणून मी अख्खं पुस्तक शंभरातून नव्वदात उतरवायला घेतलं. मला मदत करायला भावाचा मित्र बसला.

तो भावाबरोबर डिप्लोमाला होता. घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत वाढलेला, नुकताच एका सरकारी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागलेला. वडील नगरकडचे, दुष्काळात मुंबईला आलेले. तो बौद्ध होता. आम्ही मालवणकडचे मराठे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरून कोणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. याचा आम्हाला, खरं सांगायचं तर, थोडा माजच होता. आई त्याला आग्रह करकरून घावन वाढायची, बाबा त्याच्याशी क्रिकेटवर तावातावाने भांडायचे, आणि आम्ही स्वतःला फार सुधारलेले समजायचो.

गोष्ट तोच सांगायचा. भाऊ त्याला सूत्रधार म्हणायचा. या सूत्रधाराला सगळं खऱ्यासारखं हवं असायचं. पुस्तकात लिहिलं होतं की चिलखत घातलेला माणूस दिवसभर इतके मैल चालतो. तो म्हणाला, "लिहिणाऱ्याने चालून बघितलंय काय?" मग माझ्या भावाला रॉकेलचा भरलेला डबा घेऊन आमच्या चार मजल्यांचे जिने चढायला लावलं. हा घड्याळ घेऊन वरच्या पायरीवर उभा. बाबा रविवारचा पेपर सोडून दारात आले आणि "अरे, हात बदल, हात बदल" म्हणून ओरडू लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं आमच्याकडे रॉकेल जास्त झालंय, त्यांनी वाटीभर मागून घेतलं. त्या दिवसापासून आमच्या खेळात ओझ्याचा नवा नियम आला आणि भाऊ आठवडाभर खांदा चोळत हिंडला.

भुकेचा नियम मात्र त्याने कुणालाही जिने चढायला न लावता लिहिला. पुस्तकाप्रमाणे उपाशी माणसाची ताकद रोज थोडी कमी व्हायची. तो म्हणाला, असं नसतं. आधी माणूस चिडतो, घरातल्यांवर धावून जातो. मग गप्प होतो. ताकद सगळ्यात शेवटी जाते. म्हणून पहिल्या दिवशी ताकदीला हात लावायचा नाही, फक्त त्याने कुणाशी गोड बोलून काम काढायचं म्हटलं तर सोंगटी कठीण करायची. हे त्याला कसं माहीत, असं आम्ही विचारलं नाही. त्याचे वडील बोलायचे म्हणे कधी कधी.

दोन माणसांनी प्रेमात पडावं अशी ती जागाच नव्हती. समोर अपूर्णांक, शेजारी बाबांचं घोरणं, आणि संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागायच्या आत सगळं आटपायची घाई. पण मी सत्तर टक्क्यांचे त्रेसष्ट करायची आणि तो ते आपल्या अक्षरात उतरवून घ्यायचा, आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की आधीच सोडवलेलं कोष्टक मी परत सोडवतेय. त्याच्याही लक्षात आलं होतं. त्यानेही ते दुसऱ्यांदा उतरवून घेतलं. मी इतकी आनंदात कधीच नव्हते, त्याआधी नाही आणि नंतर तर नाहीच.

पुस्तकात एक पान जन्माचं होतं. खेळ सुरू करताना सोंगटी काढायची आणि आपण सरदाराच्या घरी जन्मलो की व्यापाऱ्याच्या, की गुलामाच्या, ते ठरायचं. त्यावरून पुढे लोक तुमच्याशी कसे वागतील, तुम्हाला वेशीच्या आत घेतील की नाही, त्याचे आकडे. त्याने ते पान सोडून दिलं. आमच्या खेळात सगळ्यांचा जन्म सारखा.

एका रविवारी भावाने ते उकरून काढलं. "तुझं काय आहे यार? डबा घेऊन जिने चढायला लावतोस, सगळं रिअल पाहिजे म्हणतोस, आणि हेच का नको? राजाचा पोरगा आणि कोळ्याचा पोरगा सारखे असतात काय?"

"नसतात," तो म्हणाला.

"मग?"

"मला रविवारी तरी ते नको."

भाऊ काहीतरी वाद घालणार होता, पण खुर्चीतून बाबाच बोलले. पेपर खाली न घेता म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. माणूस बघायचा, जन्म कसला बघायचा?"

मी त्या क्षणी बाबांच्या गळ्यातच पडायची राहिले होते. आमचे बाबा औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर होते, साधा माणूस, कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. त्यांच्या तोंडून ते वाक्य आलं आणि मी मनातल्या मनात लग्नाची साडीसुद्धा ठरवून टाकली. तो मात्र खाली मान घालून सोंगट्या पिशवीत भरत राहिला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं नेहमीसारखे चोरून मुलुंडच्या बागेत भेटलो तेव्हा मी म्हटलं, "मी बाबांना सांगते."

"किती?" त्याने विचारलं. आमच्यात तसंच बोलायची सवय झाली होती. किती म्हणजे नव्वदातले किती.

"साठ," मी म्हटलं. आणि मला वाटत होतं की मी कमीच सांगतेय.

तो हसला नाही. "तू त्या एका वाक्यावरून मोजतेयस. एक सोंगटी काढून पिशवीत काय भरलंय ते कळतं का गं? तूच शिकवलंस मला."

"बाबा चांगले आहेत."

"चांगले आहेत म्हणूनच भीती वाटते. वाईट माणूस असता तर निदान भांडता आलं असतं."

मला राग आला. तो कायम असा आधी हरून बसतो असं मी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. निघताना तो म्हणाला, "सांग. मलाही वाटतंच ना, की तुझं बरोबर यावं."

मी सांगितलं. बाबा टेबलफॅन उघडून पाती पुसत बसले होते. माझं बोलून झाल्यावरही पुसतच राहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिला रडू फुटलं. "गावाक काय तोंड दाखवूचा आमी?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

बाबा आवाज न चढवता म्हणाले, "मुलगा हिरा आहे. त्याच्याबद्दल मी कधी वाईट बोललोय काय? पण आपल्यातला नाय ना गं तो."

"तुम्हीच म्हणालात, जन्म कसला बघायचा."

"कधी?"

मी आठवण करून दिली. त्यांना खरंच आठवेना. मग आठवलं. "अगं, ते खेळाचं चाललेलं," ते म्हणाले. पात्याला परत फडकं लावलं. "लग्न म्हणजे सगळी भावकी आली, उद्या तुझ्या भावाचं बघायचंय. हे होणार नाही. नाही म्हणजे नाही." आणि मग, मी उठून जाऊ लागले तेव्हा, माझी समजूत घालावी तसं बोलले, "त्याला घरी यायला मी कधी ना म्हणणार नाही हां. तसं त्याच्या मनात येऊ देऊ नकोस."

त्यांच्यावर ओरडावं, भांडी फेकावीत, काहीतरी करावं असं मला वाटत होतं. पण ते इतके दुःखी दिसत होते की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आजही त्या गप्प बसण्याचा मला संताप येतो.

शनिवारी बागेत मी त्याला सगळं सांगितलं. घरी यायला ना नाही, तेही सांगितलं. त्यावर तो इतका मोठ्याने हसला की बाकावरच्या आजोबांनी वळून बघितलं.

"रजिस्टर करू," मी म्हटलं. "मी उद्या निघते. नोकरी करीन. मला काही लागत नाही."

"मला लागतं," तो म्हणाला. "माझा बाप जन्मभर लोकांच्या दारात उभा राहिला. आत ये म्हणतील म्हणून. मी बघितलंय त्याला. तू आलीस तर तू रोज वाट बघणार, आई कधी बोलावते, बाबा कधी येतात. आणि तुझ्यासाठी मीपण त्या दारात उभा राहणार. मला नाही जमणार गं ते. तू पाहिजेस मला. ते दार नको."

मी त्याला भित्रा म्हटलं. तो म्हणाला, असेन. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. त्याने सोडवून घेतला नाही. वॉचमन शिटी मारत आला आणि बाग बंद करू लागला, तेव्हा मीच सोडला.

उठताना तो म्हणाला, "उद्या येतो मी."

"कशाला?"

"गोष्ट अर्धी राहिलीय."

आणि तो आला. बाबांनीच दार उघडलं. "ये, ये, बस," म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं दिसलं. त्यांना वाटलं, पोरगं समजूतदार आहे, सगळं मार्गी लागलं. आईने घावनं केली होती, सोबत नारळाचा रस. रस एरवी सणालाच करायची. त्याने आग्रह करू न देता घावनं घेतली, छान झाली म्हणाला.

खेळात आमची माणसं एका दरीवरच्या दोरखंडाच्या पुलाशी येऊन अडकली होती. माझी वैदूबाई जखमी, भावाच्या शिपायाच्या पाठीवर ओझं. त्याने सगळे नियम जसेच्या तसे लावले. ओल्या दोराचे कमी केले, ओझ्याचे कमी केले, उपाशीपणाचे कमी केले. मला वाटत होतं, आज तरी याने काहीतरी सूट द्यावी, नाहीतर माझ्या त्या बाईला सरळ दरीत टाकून मोकळं व्हावं. त्याने दोन्ही केलं नाही. आकडा सांगितला आणि पिशवी माझ्यापुढे धरली. भावाला घरातलं सगळं कळलं होतं, तो खिडकीबाहेर बघत होता. सोंगटी चांगली आली. माझी बाई पलीकडे पोचली, शिपाईही पोचला, आणि त्याने अगदी साध्या आवाजात गोष्ट संपवली. ते गावात पोचले, त्यांना जेवायला मिळालं, ते झोपले.

भाऊ म्हणाला, "झकास." तेवढंच त्याला सुचलं.

टीव्हीवर सिनेमाची नावं सुरू झाली होती. तो उठला, आईला म्हणाला, "येतो काकू." बाबांना म्हणाला, "येतो काका." बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "येत जा रे." मी जिन्यापर्यंतसुद्धा गेले नाही, कारण बाबा बघत होते. खाली रस्त्यावर तो दिसेल म्हणून गॅलरीत गेले तोवर तो कोपऱ्यावरून वळलाही होता.

त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. त्याची दुसरीकडे बदली झाल्याचं भावाकडून कळलं, त्याने ती मागून घेतली होती. माझं लग्न दोन वर्षांनी झालं, आपल्यातल्याच मुलाशी, आणि ते काही वाईट झालं नाही. पण मला त्या लग्नाचं सांगायचं नाही.

मला सांगायचंय ते त्या आधीच्या एका रविवारचं. तो गेल्याला महिना-दीड महिना झाला असेल. दुपारी घरात सामसूम होती. बाबा पेपर घेऊन खुर्चीत बसले होते, मी परीक्षेचं वाचत होते. त्यांचं वाचनात लक्ष नव्हतं. दोनदा उठून गॅलरीतून खाली बघून आले. मग मला म्हणाले, "काय गं, तो हल्ली येत नाही आपल्याकडे?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"कामात असेल," ते स्वतःशीच म्हणाले. "निरोप दे की त्याला. म्हणावं, काका वाट बघतायत. पोरगं यायचं तेव्हा घर कसं भरल्यासारखं वाटायचं."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, ते नाटक करतायत, मला बोलतं करायला बघतायत. तसं काही नव्हतं. त्यांना त्याची आठवण येत होती, अगदी माझ्यासारखीच, आणि तो का येत नाही हे त्यांना खरंच कळत नव्हतं.