चादर पिळायचं मशीन

दवाखान्याच्या धुलाईखात्यातून निवृत्त होऊन मावशींना बरीच वर्षं झाली होती, तरी निम्मी वस्ती त्यांना ‘धुलाईच्या मावशी’ म्हणूनच ओळखे. त्यांचीही त्याला ना नव्हती. पांढऱ्या रंगाच्या बाबतीत त्या कुणाची भीडभाड ठेवत नसत. समोरच्या गॅलरीतला सदरा लांबून बघूनच सांगत, “नीळ फासलीय नुसती. मळ आहे तिथेच आहे.”

किल्लीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. मागच्या बाजूला अरुंद गॅलरी, तिच्यात तीन दोऱ्या, आणि दुपार कलेपर्यंत जागचं न हलणारं ऊन. या उन्हासाठीच त्यांनी ती जागा घेतली होती असं त्यांचे यजमान थट्टेनं म्हणायचे. यजमान गेले तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, आता आमच्याकडे चल.” मावशींनी ओली चादर पिळता पिळताच उत्तर दिलं होतं, “ज्या दिवशी माझी चादर मला पिळता येणार नाही, त्या दिवशी गाडी घेऊन ये. एका शब्दानं विरोध करणार नाही.”

बोलून गेल्या खऱ्या. तेव्हा त्यांच्या मनगटात अशी ताकद होती की पिळलेल्या चादरीतून थेंब निघाला तर शपथ.

पण यंदा पडदे काढताना स्टुलावरून पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण मूठ काही पुरती मिटेना. डॉक्टर म्हणाले, “चमचा धरता येईल, केस विंचरता येतील. आणखी काय हवं?” मावशी घरी आल्या, चादर भिजवली आणि पिळायला घेतली. चादर हातातून सुळकन निसटली, सगळं पाणी पायावर. त्यांनी ती तशीच टपटपती दोरीवर टाकली, तर किल्लीवाला खालून ओरडला, “मावशी, वर पाऊस पडतोय का हो?”

मुलाच्या कानावर ही गोष्ट गेलीच. तो काही भांडायला आला नाही. शेजारी बसला, आईचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाला, “आई, शब्द दिला होतास.”

“दिला होता ना. मोडतेय कुठे?” मावशी म्हणाल्या. “जरा आवराआवर करू दे.”

“पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी गाडी आणतो.”

मुलाकडे जायचं म्हणजे काही वनवासात जायचं नव्हतं. सूनबाई गुणी होती. दहाव्या मजल्यावरचं घर, स्वतंत्र खोली, कपडे धुऊन झाले की गाणं वाजवणारं मशीन. तिथे मावशींना कुणी काडी उचलू देत नसे, आणि नेमकं तेच त्यांना जड जाई. सकाळी उठून करायचं काय, तर मशीनचं गाणं ऐकायचं! शिवाय तिथे बाहेर कपडे वाळत घालायला बंदी होती. ऊन काचेपलीकडे, माणूस काचेअलीकडे.

मुलगा गेल्यावर मावशी उगाच पाय मोकळे करायला बाहेर पडल्या. कोपऱ्यावरचं जुनं लॉज बंद होत होतं. रखवालदार खाटा, आरसे, टेबलं दारात मांडून बसला होता. जिन्याखालच्या अंधारात मावशींना एक गोल, पांढरं पिंप दिसलं. चार पायांवर उभं. आत झाडू आणि जुन्या चपला कोंबलेल्या. पिंपाच्या डोक्यावर एक आडवा हात होता, आणि त्या हातात एकावर एक बसवलेले दोन रूळ.

मावशी थबकल्याच. धुलाईखात्यात त्या नवीन लागल्या तेव्हा असलंच मशीन होतं. कपडे पिंपात घुसळायचे आणि मग रुळांमध्ये चादरीचं टोक द्यायचं. चादर एका बाजूनं फुगलेली आत जायची आणि दुसऱ्या बाजूनं पापुद्र्यासारखी चपटी बाहेर यायची. नव्या बाईला पहिल्या दिवशी कपड्याला हात लावू देत नसत. आधी रुळांवरची लाल मूठ दाखवत. बोट सापडलं तर तिच्यावर थाप मारायची, की रूळ झटकन सुटे होतात. डोळे मिटून थाप बसेपर्यंत मुकादमीणबाई सोडत नसे.

मावशींनी वाकून डाव्या हातानं लाल मुठीवर थाप मारली. फाडकन आवाज झाला, गंज उडाला, रूळ सुटे झाले.

रखवालदार दचकला. “अहो बाई, मोडलंत की!”

“मोडलं नाही, जिवंत आहे,” मावशी म्हणाल्या. “न्यायला हातगाडी मिळेल का?”

हातगाडी थेट भावाच्या दुकानात गेली. मावशींचा धाकटा भाऊ मोटारी भरून द्यायचा. पंख्यांच्या, पंपांच्या, गिरण्यांच्या जळक्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. आयुष्यभर त्या घरघरीत बसून त्याचे कान पार गेले होते. गिऱ्हाईक बोलायला लागलं की तो हसून “हो, हो” म्हणे, मग गिऱ्हाईक दुसरीकडे जाई. अलीकडे दुकान उघडं असे ते निव्वळ सवयीनं.

“हे काय आणलंस, ताई? लोणच्याची बरणी?”

“मशीन आहे!” मावशी त्याच्या कानाशी ओरडल्या. “पहिल्या रविवारच्या आत चालू करून दे. नाहीतर चालले मी दहाव्या मजल्यावर. मग बस एकटाच चहा पीत!”

हे मात्र त्याला नीट ऐकू गेलं. त्यानं चष्मा पुसला आणि पाना शोधायला घेतला.

बाहेरून मशीन जितकं दिसत होतं तितकं आतून वाईट नव्हतं. पिंपाचा मुलामा दोन-तीन ठिकाणी उडाला होता, पण भोक कुठे नव्हतं. दात्यांच्या पेटीतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, ते भावानं रॉकेलनं धुऊन काढलं. मोटार मात्र जळालेली. ती उघडल्यावर त्याचा चेहरा कधी नव्हे इतका खुलला. “काय हात आहे बघ! एक वेटोळं दुसऱ्यावर चढलेलं नाही. हल्ली असं कोण भरतं?” आणि मग त्यानं ती स्वतः तशीच भरली, वेटोळ्याला वेटोळं लावून. मावशी शेजारी बसून डाव्या हातानं तारेचं रीळ धरायच्या. एका हाताची बहीण आणि अर्ध्या कानाचा भाऊ, दोघं मिळून एक धड कारागीर होत होता.

पट्टा नवा घातला, वायरी बदलल्या, अर्थिंग दोनदा तपासलं. बटण दाबलं. मधली घुसळणी डावीकडे वळली, उजवीकडे वळली, आणि प्रत्येक वळणाला ‘टक्’.

“चाललं!” भाऊ म्हणाला.

“वाजतंय!” मावशी ओरडल्या.

“कुठे वाजतंय?”

“मला काय ठाऊक कुठे! टक् टक् करतंय!”

भावानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याचं टोक दात्यांच्या पेटीवर टेकवलं आणि मूठ चक्क दातांत धरली. कानांनी दगा दिल्यापासून तो असंच ऐकत असे. दांडीतून येणारी थरथर हाडाहाडांतून आत पोचे. पेटीवर टोक लावून त्यानं मान हलवली: इथे नाही. मोटारीवर: इथे नाही. पिंपाच्या तळाशी लावलं मात्र, आणि त्याचे डोळे मोठे झाले. तोंडात स्क्रूड्रायव्हर, त्यामुळे बोलता येईना, नुसतं बोट दाखवून “ऊं! ऊं!” चाललं होतं. मावशींना हसू आवरेना.

“घुसळणी काढ,” त्या म्हणाल्या. “खाली बटण असणार. आमच्याकडे आठवड्याला मूठभर निघायची.”

बटणच होतं. पितळेचं, कुणा पाहुण्याच्या कोटाचं. मावशींनी ते धुऊन कनवटीला लावलं.

राहिले रूळ. त्यांच्यावरचं रबर वाळून शिळ्या बिस्किटासारखं झालं होतं, हात लावताच भुगा. भावानं स्कूटरच्या चाकातली जुनी ट्यूब शोधून काढली, कापली, ताणून रुळांवर चढवली आणि कडेला घट्ट चिकटवली. “काय पकड आहे बघ! लोखंडसुद्धा पिळून निघेल.” पारख म्हणून त्यानं हात पुसायचं फडकं भिजवून रुळांत दिलं. पलीकडून फडकं पोळपाटावर लाटल्यासारखं चपटं बाहेर आलं. खाली बादलीत पाण्याची धार. मावशींनी फडकं मुठीत दाबून पाहिलं. एक थेंब नाही. त्यांचे डोळे भरून आले.

पहिल्या रविवारी मशीन मावशींच्या गॅलरीत उभं होतं. इतकं जड की वर चढवायला किल्लीवाल्याला निम्मी वस्ती गोळा करावी लागली. मुलगा गाडी घेऊन आला. आईची बॅग भरून तयार दिसली, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याला मशीन दिसलं आणि मशीनशेजारी मामा दिसला.

“मामा, हा काय घाट घातलाय?”

“हो, हो,” मामा म्हणाला.

“बस तिथे,” मावशी म्हणाल्या. “शब्द दिला होता, आता डोळ्यांनी बघ.”

त्यांनी घरातली सगळ्यात चांगली चादर काढली होती. पाणी ओतलं, साबण टाकला, मशीन घुर्र घुर्र चाललं. चादर खळबळून, स्वच्छ पाण्यातून काढून त्यांनी तिचं टोक डाव्या हातानं रुळांमध्ये दिलं. चादर आत गेली. धो धो पाणी खाली. मुलगा उठून उभाच राहिला. पलीकडून चादर आली, चपटी, जवळजवळ कोरडी, आणि तिच्यावर टोकापासून टोकापर्यंत काळे पट्टे.



ट्यूबचा काळेपणा उतरला होता. दुकानातलं फडकं मुळातच तेलानं काळंकुट्ट, त्यावर काय दिसणार? भावाला पकडीशी कर्तव्य, आणि जन्मभर डागांवर डोळा ठेवणाऱ्या मावशी त्या दिवशी नेमक्या बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिल्या होत्या.

मुलाला हसू फुटलं. “आई, झेब्रा झाला गं!”

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी चादरीची घडी केली, पट्टे आत जातील अशी. “बॅग आतल्या खोलीत आहे,” त्या म्हणाल्या. “घे उचलून.”

“अगं, पण पिळली ना! पाणी निघालं की सगळं.”

“ही चादर मी दवाखान्यात कुणाच्या अंगाखाली घातली असती का?”

“शब्द पिळण्याचा होता.”

“मला नको शिकवूस. काळी चादर पिळली काय नि नाही पिळली काय! चल.”

भाऊ खाली मान घालून बसला होता. काय बोलणं झालं हे ऐकू न येताही त्याला सगळं कळलं होतं. मुलगा बॅग आणायला वळला, पण गेला नाही. रुळाजवळ वाकला, अंगठा घासला. अंगठा काळा झाला. तो बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला.

“मामा,” तो ओरडला, “या रुळाची जाडी मोजलीय का?”

मामाला एकदम ऐकू आलं.

“आमच्या डेअरीत काळं रबर दुधाच्या जवळपाससुद्धा येऊ देत नाहीत,” मुलगा आईला म्हणाला. “सगळे पाइप पांढऱ्या रबराचे. बदललेले तुकडे कोपऱ्यात पडून असतात. साहेबांना विचारून आणतो दोन. सगळे पाइप रोज धुऊन घ्यायचं काम माझ्याचकडे आहे, मला माहीत आहेत.”

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. “तू बाटल्या भरतोस ना?”

“ते जुनं झालं, आई. मला टाक्या आणि पाइप धुवायच्या खात्यावर नेमून कितीतरी दिवस झाले. तू विचारलंस कधी?”

“अरे, म्हणजे तूही धुलाईवालाच की!”

“आता बोल. आज गाडी रिकामी जाऊ दे.”

“शब्द दिलाय मी.”

“मला दिलायस ना? मग किती ताणायचा ते मी बघीन.”

पुढच्या रविवारी तो दोन पाइप घेऊन आला. रुळावर पाइप चढेना. मामा-भाचे घामाघूम. मामा म्हणे तेल लाव, भाचा म्हणे कापून चिकटव. शेवटी मावशींनी दोघांना बाजूला सारलं, कोमट पाण्यात साबणाचा दाट फेस केला आणि पाइपाच्या आतून फिरवला. “आता ढकला.” पाइप सर्रकन गेला तो बरोबर जागेवर थांबला, पाठोपाठ दुसराही. “चाळीस वर्षं साबणात घालवली,” त्या म्हणाल्या, “एवढं तरी यायला नको?”

काळे पट्टे दोन उकळ्यांनंतर बऱ्यापैकी गेले होते. तीच चादर मावशींनी पुन्हा रुळांत दिली. या वेळी त्या पाण्याकडे बघत नव्हत्या. चादर इंच इंच बाहेर आली आणि मावशी तिच्यावर नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिल्या. मामानं स्क्रूड्रायव्हर दातांत धरून पेटीला लावला होता. पिंपाची तोटी थोडी गळत होती, तिच्याखाली मुलानं न सांगता वाटी सरकवली.

शेवटचं टोक आलं. पांढरं.

“मग?” मुलगा म्हणाला. “त्या बॅगेचं काय करायचं?”

“कपाटावर ठेव,” मावशी म्हणाल्या. “दिवाळं निघाल्यासारखं तोंड करू नकोस. येत जाईन चार दिवस, सूनबाईच्या मशीनचं गाणं ऐकायला.”

“आणि आमच्या चादरी? तिचं म्हणणं आहे, तुझ्यासारख्या निघत नाहीत.”

“असं म्हणाली?” मावशींनी मान वळवली, पण चेहरा लपला नाही. “आणत जा रविवारी. फुकट नाही हं. दोरीवर घालायला थांबावं लागेल. आता हे टोक धर. नीट ताण. अरे, ताण म्हटलं तर ओढतोस काय! दुधाचे पाइप असेच धुतोस का?”

“हो, हो,” कोपऱ्यातून मामा म्हणाला, आणि दातांतला स्क्रूड्रायव्हर काढून पुढे म्हणाला, “ताई, आवाज एकदम साफ आहे. आता चहा टाक.”