ओतूरच्या पुलाखालचा लाल दगड

"मॅडम, खडक लागला होता. मी स्वतः पहार मारून बघितली होती. आता तिथे माती आहे."

साइट इंजिनिअर गणेश ओतूरच्या एसटीडी बूथवरून बोलत होता. नव्वदचं दशक संपत आलेलं. गावापलीकडच्या ओढ्यावर पूल बांधत होते. मधल्या खांबाच्या खड्ड्यात पक्का खडक लागल्याचा रिपोर्ट गणेशने दिला होता. मग लग्नसराईत मजूर गावी गेले, काम थांबलं. परत येऊन बघतात तर खडकाचा भुगा. मोठ्या साहेबांना वाटलं, पोरगा खड्ड्यात उतरलाच नाही. नोकरी नवी, त्यात हा ठपका. मी भूवैज्ञानिक, म्हणून तपासायला मला पाठवलं.

खड्ड्याच्या काठावर साहेब होते आणि पलीकडच्या वस्तीवरचे दत्तूभाऊ. पावसाळ्यात आजारी माणूस झोळीत घालून ओढा ओलांडावा लागे. त्यांनी एवढंच विचारलं, "यंदा पूल व्हतोय का न्हाई?"

मी खाली उतरले. तळाला विटकरी लाल भुगा होता.

साहेब वरून म्हणाले, "दगडाची माती व्हायला हजारो वर्षं लागतात ना? इथे पंधरवड्यात झाली?"

"माती फार पूर्वीच झाली होती, साहेब. तिचा परत दगड झालाय."

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. एक थर निवून दगड झाला, की तो ऊनपावसात उघडा राही. वरचा भाग कुजून माती होई. मग त्यावर नवा लाव्हा येई आणि ती माती खाली दाबून भाजून काढी. आपण त्याला गेरूचा थर म्हणतो. जमिनीत गाडलेला असतो तोवर तो घट्ट असतो. उघडा पडून वारा-पाणी लागलं की फुटतो.

भुगा काढून खालचं ताजं ढेकूळ फोडायला लावलं. पहारीखाली ते खणखणलं. बादलीतल्या पाण्यात टाकलं आणि आम्ही दत्तूभाऊंकडे चहाला गेलो. परत आलो तर बादलीत लाल चिखल.

साहेबांनी गणेशकडे पाहिलं. "उतरला होतास तर," म्हणाले. त्याच्या चेहऱ्याला रंग आला.

माझी धाकधूक मात्र गेली नव्हती. थर जाड निघाला, तर पूल वर्षभर लांबणार. ड्रिलिंग मशीन मागवलं. सुरुवातीला लाल पूड येत राहिली, पण थर पातळच निघाला; मग खालच्या लाव्हाचा भोकाभोकांचा वरचा भाग, आणि त्याखाली काळा कातळ. तो तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी जसाच्या तसा. तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला.

लाल थर आणि भोकाभोकांचा दगड पूर्ण खरवडला आणि कातळ उघडा पडला त्याच दिवशी काँक्रीट ओतलं. ओढ्याला पाणी यायच्या आत खांब वर आला. त्या पावसाळ्यात दत्तूभाऊंच्या सुनेला बाळंतपणासाठी जीपने ओतूरला नेलं, फळ्या टाकलेल्या अर्धवट पुलावरून.

आताही कुणी 'पक्का खडक लागला' म्हणालं, की मी पहिल्यांदा बादलीभर पाणी मागवते.